क्यूएलईडी, मिनी एलईडी की ओलेड? आधी हॉलकडे पाहा

प्रश्न : आमचा ३२ इंची टीव्ही दहा-अकरा वर्षे चालला आणि गेल्या महिन्यात बंद पडला, आवाज येतो, पण चित्र दिसत नाही. दसऱ्याला नवा घ्यायचा आहे. मुलगा म्हणतो, ओलेडच घ्या. दुकानदार म्हणाला, क्यूएलईडी घ्या. यजमानांचे मत, साधा ४३ इंची एलईडी पुरे. आमचा हॉल ११ बाय १४ फुटांचा असून सोफ्यापासून टीव्हीची भिंत ९ फुटांवर आहे. टीव्हीच्या उजव्या हाताला पश्चिमेची बाल्कनी आहे आणि तिच्या काचेच्या दारातून दुपारनंतर ऊन थेट आत येते. सासरे त्या दाराशी आरामखुर्चीत बसून सकाळपासून जेवणापर्यंत आणि चारनंतर पुन्हा बातम्या व क्रिकेट पाहतात. संध्याकाळी मालिका असतात. रात्री मुलगा सिनेमे पाहतो. झोपताना टीव्हीचे भिंतीवरचे बटण बंद करण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ७५ हजारांपर्यंत खर्च करता येईल. काय घ्यावे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : पश्चिमेची बाल्कनी, सासऱ्यांची आरामखुर्ची आणि रात्री बटण बंद करण्याची पद्धत यांचा उल्लेख तुमच्या पत्रात ओघात आला आहे; निर्णय मात्र या तीन गोष्टींवरच व्हायचा आहे. म्हणून निष्कर्ष आधीच सांगून टाकतो आणि कारणे नंतर देतो. तुमच्या घरासाठी ५५ इंची मिनी एलईडी टीव्ही घ्यावा, ओलेड घेऊ नये, आणि खोक्यावर क्यूएलईडी ही अक्षरे आहेत एवढ्यावरून होकार किंवा नकार काहीही ठरवू नये. तुमच्या मुलाचे म्हणणे चुकीचे नाही, हे मात्र त्याला जरूर सांगावे. चित्राच्या दर्जाबद्दल तो बरोबर आहे, फक्त तो रात्री अकरा वाजताच्या हॉलचा विचार करतो आहे आणि टीव्ही सकाळी आठपासून चालणार आहे.

नावांचा गोंधळ आधी दूर करू. यजमान ज्याला साधा एलईडी म्हणतात तो, दुकानदाराने सुचवलेला क्यूएलईडी आणि मी सुचवतो आहे तो मिनी एलईडी, हे तिन्ही मुळात एकाच जातीचे म्हणजे एलसीडी टीव्ही आहेत. एलसीडीचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागे दिव्यांचा प्रकाश असतो आणि पुढचे द्रवस्फटिकांचे पॅनेल प्रत्येक ठिपक्यापाशी तो प्रकाश कमी-अधिक प्रमाणात अडवते; त्यातून चित्र तयार होते. पूर्वी हे मागचे दिवे बारीक फ्लुओरेसंट नळ्यांचे असत. त्यांच्या जागी एलईडी आले आणि कंपन्यांनी टीव्हीचे नावच एलईडी करून टाकले, त्यामुळे पडद्याची जात बदलली असा समज घरोघर झाला. बदलला होता तो मागचा दिवा.

क्यूएलईडीमधील क्यू हा क्वांटम डॉटचा. मागे निळे एलईडी असतात आणि त्यांच्यापुढे अतिसूक्ष्म कणांचा एक थर असतो. हे कण निळ्या प्रकाशाचा काही भाग शुद्ध लाल आणि शुद्ध हिरव्या प्रकाशात बदलतात. त्यामुळे पैठणीचा जांभळा किंवा क्रिकेटच्या मैदानाचा हिरवा रंग साध्या एलईडीपेक्षा अधिक भरदार दिसतो. हे शास्त्र अस्सल आहे. क्वांटम डॉटच्या शोधासाठी आणि ते बनवण्याच्या पद्धतीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण या थराचा संबंध रंगांशी आहे. मागचा दिवा किती तेजस्वी आहे आणि अंधाऱ्या दृश्यात तो कितपत मंद होऊ शकतो, याबद्दल क्यूएलईडी हे नाव काहीच सांगत नाही. सॅमसंगने हे नाव २०१७ मध्ये रूढ केले आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनी ते उचलले. त्यामुळे आज त्याच तीन-चार अक्षरांखाली अगदी स्वस्त टीव्हीही विकला जातो आणि त्याच्या तिप्पट किमतीचाही. दुकानदाराने क्यूएलईडी सांगितले, त्याने खोटे सांगितले नाही, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तरही दिले नाही.

खरा फरक मागच्या दिव्यांच्या मांडणीत असतो. स्वस्त टीव्हीत पडद्यामागे एलईडीच्या मोजक्या पट्ट्या लावलेल्या असतात आणि त्या सगळ्या एकदमच कमी-जास्त होतात. रात्रीच्या दृश्यात पडद्याच्या एका कोपऱ्यात कंदील असेल, तर त्या कंदिलासाठी संपूर्ण दिवा लावून ठेवावा लागतो आणि बाकीचा अंधार राखाडी दिसतो. यावर उपाय म्हणून दिव्यांचे गट पाडले जातात आणि जिथे काळे दाखवायचे तिथला गट तेवढा मंद केला जातो. याला लोकल डिमिंग म्हणतात आणि अशा प्रत्येक गटाला झोन. मिनी एलईडी म्हणजे याच कल्पनेचे पुढचे पाऊल. एलईडी फार लहान करून ते शेकड्यांनी किंवा हजारांनी बसवायचे, म्हणजे झोनही पुष्कळ पाडता येतात आणि एकूण उजेडही वाढतो. तरीही एका झोनमागे हजारो ठिपके असतातच. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी श्रेयनामावली वर सरकत असताना अक्षरांभोवती किंचित धुरकट वलय दिसू शकते. झोन जितके जास्त आणि त्यांचे नियंत्रण जितके हुशार, तितके ते वलय कमी.

ओलेडची जात मात्र वेगळी आहे. तिथे मागे दिवाच नसतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरातून स्वतःचा प्रकाश स्वतः देतो आणि काळे दाखवायचे असेल तेव्हा पूर्ण विझतो. ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या टीव्हीवर असे ८० लाखांहून अधिक ठिपके असतात. म्हणजे एका अर्थाने झोनही तेवढेच. दिवे मालवून अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहताना ओलेडवर जो काळा रंग दिसतो, तो इतर कोणत्याही टीव्हीवर दिसत नाही, आणि बाजूने पाहिले तरी रंग फारसे फिके पडत नाहीत. दोन-तीन माणसांचे घर असते, बातम्यांचा रतीब नसता आणि टीव्ही प्रामुख्याने रात्रीच लागत असता, तर थोडे अधिक पैसे साठवून ओलेडच घ्या, असे मीही लिहिले असते.

आता तुमच्या घराकडे येऊ. मराठी वृत्तवाहिनीचा पडदा नीट आठवून पाहा. कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, तळाशी लाल किंवा पिवळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ठळक बातमी, त्याखाली सरकत्या बातम्यांची दुसरी पट्टी, आणि शेजारी घड्याळ. निवेदक बदलतात, पाहुणे बदलतात, पण ही चौकट सकाळपासून रात्रीपर्यंत जागची हलत नाही. ओलेडमधील सेंद्रिय पदार्थ वापराने हळूहळू झिजतो, आणि जो ठिपका रोज सहा-सात तास भडक लाल किंवा पांढरा जळतो तो शेजारच्या ठिपक्यांपेक्षा लवकर मंदावतो. दोन-तीन वर्षांनी मुलगा क्रिकेटचा सामना लावील आणि हिरव्या मैदानावर त्या पट्टीची पुसट सावली कायमची दिसू शकेल. यालाच बर्न-इन म्हणतात. ही झीज असल्यामुळे दुरुस्त होत नाही, पॅनेल बदलावे लागते, आणि टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा पॅनेलचाच असतो. अशी झीज अनेकदा वॉरंटीतून वगळलेली असते. पूर्वी प्लाझ्मा टीव्हीलाही हाच दोष होता. पॅनासॉनिकने प्लाझ्माचे उत्पादन थांबवत असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले तेव्हा अनेक जाणकार हळहळले होते, इतके त्याचे चित्र चांगले होते. वृत्तवाहिन्या तासन्‌तास लावून ठेवणाऱ्या घरांना मात्र तोही मानवत नसे.

अर्थात कंपन्या यावर हातावर हात ठेवून बसलेल्या नाहीत. आजचे ओलेड टीव्ही स्थिर चिन्ह ओळखून तेवढा भाग मंद करतात, संपूर्ण चित्र अधूनमधून एक-दोन ठिपके सरकवतात, आणि काही तासांचा वापर झाल्यावर, रिमोटने टीव्ही बंद केला की, पडदा काळा असतानाच ठिपक्यांची झीज मोजून ती सारखी करण्याची प्रक्रिया स्वतःहून चालवतात. या शेवटच्या प्रक्रियेसाठी टीव्हीला रिमोटने बंद केल्यानंतरही वीज मिळत राहावी लागते. तुमच्याकडे झोपताना भिंतीवरचे बटण बंद होते, म्हणजे दिवसभर बातम्या दाखवून दमलेल्या पडद्याला त्याची रोजची डागडुजी करायला मिळणारच नाही. ही पद्धत सोडा असे मी सांगणार नाही. पावसाळ्यात विजा चमकत असताना आणि वीज जाऊन-येऊन दाब वर-खाली होत असताना बटण बंद ठेवणे शहाणपणाचेच आहे, आणि मिनी एलईडीला त्याने काही बिघडत नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा. चार वाजता पश्चिमेचे ऊन हॉलमध्ये येते आणि नेमके त्याच वेळी सासरे पुन्हा टीव्हीसमोर बसतात. ओलेडचा एखादा लहान भाग लख्ख उजळू शकतो, पण संपूर्ण पडदा एकदम पांढरा करायचा म्हटले की तो तेज आखडता घेतो. आणि वृत्तवाहिनीचा स्टुडिओ किंवा दुपारचे क्रिकेटचे मैदान म्हणजे जवळजवळ सगळा पडदाच उजळ. उलट चांगल्या मिनी एलईडीचा जोर इथेच असतो. शिवाय उजेडाने भरलेल्या खोलीत ओलेडच्या गर्द काळ्याचे कौतुक डोळ्यांना कळतही नाही, कारण काचेवर पडलेला उजेडच तो काळा रंग धुऊन टाकतो. कोणताही टीव्ही घेतला तरी त्या काचेच्या दाराला जाड पडदा लावून घ्यावा. हजार-दोन हजारांत चित्रामध्ये एवढी सुधारणा दुसऱ्या कशानेही होणार नाही.

तिसरा मुद्दा आरामखुर्चीचा, आणि इथे माझ्या सल्ल्यातही एक उणीव आहे ती लपवण्यात अर्थ नाही. एलसीडीची पॅनेल प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. व्हीए पॅनेलमध्ये समोरून पाहताना काळा रंग चांगला गडद दिसतो, पण बाजूला बसल्यास रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल बाजूनेही सारखे दिसते, पण त्याचा काळा रंग अंधारात राखाडी वाटतो. पडद्यावरील पांढरा काळ्याच्या किती पट उजळ आहे हे गुणोत्तर आयपीएसमध्ये साधारण १००० च्या आसपास असते, तर व्हीएमध्ये ३००० ते ५००० च्या घरात. बहुतेक मिनी एलईडी टीव्हींना व्हीए पॅनेल असते, म्हणजे दाराशी तिरपे बसलेल्या सासऱ्यांना निवेदकाचा चेहरा थोडा फिकट दिसेल. बातम्यांची अक्षरे वाचायला त्यामुळे अडचण येणार नाही, परंतु दिवसाचा सर्वांत जास्त काळ तो टीव्ही पाहणाऱ्या माणसालाच सर्वांत वाईट चित्र मिळावे, हे मला पटत नाही. म्हणून भिंतीवर सपाट पट्टीऐवजी पुढे ओढता येणारा, डावी-उजवीकडे फिरणारा ब्रॅकेट लावून घ्यावा. टीव्हीसोबत बहुधा साधा ब्रॅकेट मिळतो. फिरता वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो टीव्हीचे वजन पेलणारा आहे ना, हे बसवायला येणाऱ्या माणसाकडून पाहून घ्यावे. दिवसा पडदा आरामखुर्चीकडे वळवावा, रात्री सोफ्याकडे. विटांच्या भिंतीत असा ब्रॅकेट पक्का बसतो. जिप्समच्या पोकळ भिंतीवर मात्र तो लावू नये.

आरामखुर्चीच हलवली तर, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. येऊ द्यावा, पण मोठ्याने विचारू नये.

मिनी एलईडी या शब्दाचेही आता क्यूएलईडीसारखेच होऊ लागले आहे. खोक्यावर शब्द असतो, पण झोन इतके थोडे असतात की त्याचा लाभ दिसत नाही. म्हणून दुकानात दोन आकडे विचारावेत : लोकल डिमिंगचे झोन किती, आणि सर्वाधिक तेज किती निट्स (निट हे पडद्याचे तेज मोजण्याचे एकक आहे). ५५ इंची पडद्याला काही शेकडा झोन आणि ८०० ते १००० निट्सच्या पुढे तेज असेल, तर पुढची चर्चा करावी. विक्रेता हे आकडे सांगू शकला नाही, तर त्याच मॉडेलच्या क्रमांकाने कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. तिथेही नसतील, तर ते सांगण्यासारखे नाहीत असे समजून पुढच्या टीव्हीकडे वळावे. एचडीआर या अक्षरांबाबतही हीच सावधगिरी हवी. एचडीआर म्हणजे दृश्यातील अतिउजळ आणि अतिगडद भाग एकाच वेळी तपशिलासह दाखवण्याची पद्धत. जवळजवळ प्रत्येक ४के टीव्हीवर ती अक्षरे असतात, पण ज्याचे तेजच २५० ते ३०० निट्स आहे, तो टीव्ही तो संदेश फक्त स्वीकारतो; दाखवायला त्याच्याकडे तेवढा उजेड नसतो.

आकाराविषयी यजमानांचा ४३ इंचांचा आग्रह मला मान्य नाही. पडद्याची रुंदी नजरेच्या साधारण ३० अंशांत बसावी, हा सिनेमा-दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांमध्ये रूढ असलेला हिशेब आहे. त्यानुसार ४३ इंची पडदा सुमारे ६ फुटांवरून, ५५ इंची साडेसात फुटांवरून आणि ६५ इंची पावणेनऊ फुटांवरून पाहावा. तुमचे अंतर ९ फुटांचे असल्याने हिशेबाने ६५ इंचही चालेल. पण दिवसभर बातम्या पाहण्यासाठी एवढा मोठा पडदा डोळ्यांवर येतो आणि तुमच्या रकमेत ६५ इंच घ्यायचा तर दर्जात तडजोड करावी लागेल, म्हणून ५५. त्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ६९ सेंटिमीटर भरते; वर्तमानपत्रे जोडून तेवढा कागद भिंतीवर चिकटवून पाहिला म्हणजे घरातल्या सर्वांचा अंदाज एकदाच येईल. लावताना पडद्याचा मध्य सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असावा. आपल्याकडे टीव्ही देव्हाऱ्यासारखा उंच टांगण्याची सवय आहे. मान दुखते आणि व्हीए पॅनेलचे रंगही खालून पाहिल्यावर बिघडतात.

मोठ्या पडद्याची एक किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. तिथे लावलेली मोर, प्रवाळ आणि मधाच्या धारा यांची चित्रफीत ४के असते. तिच्यावर कोणताही टीव्ही सुंदरच दिसतो. तुमच्या घरी येणाऱ्या अनेक वाहिन्या मात्र जुन्या एसडी पद्धतीच्या, म्हणजे जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या असतील, आणि टीव्हीला त्या ३८४० बाय २१६० ठिपक्यांवर ताणून बसवाव्या लागतील. ३२ इंचांवर जे खपून जात होते, ते ५५ इंचांवर मेणचट दिसते. हे ताणण्याचे काम कोणता टीव्ही नीट करतो हा त्याच्या आतील प्रोसेसरचा प्रश्न आहे. सोनीसारख्या जुन्या कंपन्यांची यातली ख्याती अजून टिकून आहे, तर नव्या कंपन्या त्याच किमतीत पॅनेल आणि तेज अधिक देतात. तुमच्यासाठी हे कसे तपासावे ते सांगतो. दुकानात त्यांची चित्रफीत बंद करायला लावून साधी मराठी वृत्तवाहिनी लावायला सांगावी. चार पावले मागे जावे आणि खालच्या सरकत्या पट्टीची अक्षरे पाहावीत : कडा स्वच्छ आहेत की त्यांच्याभोवती डास घोंगावल्यासारखे ठिपके आहेत, आणि अक्षरे सरकताना मागे शेपूट राहते का. मग तिथेच बाजूला, आरामखुर्ची जिथे असेल त्या कोनात, उभे राहून निवेदकाच्या चेहऱ्याचा रंग पाहावा. पाच मिनिटांच्या या परीक्षेत जे कळते, ते खोक्यावरच्या वीस चिन्हांतून कळत नाही. जमल्यास सासऱ्यांनाच सोबत न्यावे. परीक्षक म्हणून त्यांच्याइतका सराव घरात कुणाचा नाही.

टीव्ही घरी आल्यावर सेट टॉप बॉक्सही बघावा. तो एसडी असेल तर केबलवाल्याकडून किंवा डीटीएच कंपनीकडून एचडी बॉक्स घेऊन एचएमडीआय केबलने जोडावा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी वायर नव्या टीव्हीला जोडून चित्र वाईट म्हणून तक्रार करणारी घरे कमी नाहीत. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, तेव्हा निदान मालिका तरी स्वच्छ दिसतील. चित्राची मांडणी बहुधा व्हिव्हिड नावाच्या भडक, निळसर छटेवर असते, कारण दुकानाच्या झगझगाटात तीच उठून दिसते. रात्री सिनेमासाठी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडावा आणि दिवसासाठी स्टँडर्ड ठेवून तेज वाढवावे. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, जिला प्रत्येक कंपनीने वेगळे नाव दिले आहे, क्रिकेटला थोडी चालते. सिनेमाला मात्र ती पूर्ण बंद ठेवावी, नाहीतर सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. क्रिकेटसाठी म्हणाल, तर पॅनेल खरोखर १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारे आहे का हे विचारावे; मोशन रेट वगैरे शब्दांपुढचा १२० हा आकडा अनेकदा ६० हर्ट्झच्या पॅनेलवर चिकटवलेला असतो.

आवाज, संगणकीय प्रणाली आणि विजेचा खर्च यांवर फार वेळ घालवू नये. पातळ टीव्हीचा आवाज पातळच असतो. सासऱ्यांना संवाद नीट ऐकू येत नसतील तर पुढेमागे साउंडबार घ्यावा आणि त्यासाठी ईआर्क लिहिलेले, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारे एचएमडीआय छिद्र टीव्हीला असावे. प्रणाली गूगल टीव्ही असो, टायझन असो वा वेबओएस, सगळ्यांवर नेहमीची ॲप चालतात. पाच-सहा वर्षांनी ती मंदावली, तर टीव्हीला खोचायची, ॲप चालवणारी काही हजारांची स्टिक लावून काम भागते. विजेचे म्हणाल, तर १०० वॅट घेणारा टीव्ही रोज १० तास चालला तर महिन्याला ३० युनिट होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते दोन मॉडेलमध्ये ताडून पाहावेत. तेज पूर्ण ठेवले तर मिनी एलईडी लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त वीज घेईल, हेही लक्षात असू द्यावे.

किमतीकडे वळताना एक जुनी समजूत बाजूला ठेवावी. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी असल्याने मोठा टीव्ही करामुळेच महाग पडतो, असे यजमान म्हणत असतील, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो कर १८ टक्क्यांवर आला आहे आणि लहान-मोठा हा भेद राहिलेला नाही. ७५ हजारांत ५५ इंची मिनी एलईडी बसतो. त्याच आकाराचा ओलेड बहुधा लाखाच्या आसपास किंवा वर जातो. दसऱ्या-दिवाळीला आदल्या वर्षीची मॉडेल पुष्कळ उतरतात आणि टीव्हीत एका वर्षात फारसे बदलत नाही, म्हणून जुने मॉडेल बेलाशक घ्यावे. मात्र मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा, कारण एका अक्षराच्या फरकाने आतले पॅनेल बदलते. वाढीव वॉरंटी घ्यायची तर कंपनीचीच घ्यावी आणि तिच्यात पॅनेल धरले आहे का हे बिलाबरोबर लेखी मागावे. नाशिकमध्ये त्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे का, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीचा आहे, नंतरचा नव्हे. माणूस टीव्ही बसवून जाण्याआधी संपूर्ण पांढरा, मग लाल, हिरवा, निळा आणि काळा असे पडदे यूट्यूबवरून लावून मेलेले ठिपके तपासून घ्यावेत.

आणि जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये हजार-पाचशेला देऊन टाकण्याआधी एक करावे. हॉलमध्ये अंधार करून तो चालू करावा, आवाज आला की मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरपा टेकवून जवळून पाहावे. पुसट का होईना, चित्र हलताना दिसले, तर त्याचे पॅनेल शाबूत असून मागच्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे. गावातला चांगला कारागीर हे काम माफक खर्चात करून देतो. मग तो सासऱ्यांच्या खोलीत लावता येईल आणि दुपारच्या सामन्याच्या वेळी हॉलमध्ये मालिका लागली तरी भांडण होणार नाही. बातम्यांसाठी मात्र ते हॉलमध्येच बसतील असे मला वाटते, कारण येणारे-जाणारे दिसतात ते तिथूनच. आणि म्हणूनच, जुना टीव्ही दुरुस्त झाला तरी ओलेडबाबतचे माझे मत बदलत नाही. चित्र अजिबात दिसले नाही किंवा काच तडकलेली असली, तर भंगारवाल्याला न देता नव्या टीव्हीच्या दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे सोपवावा.